सट्टा शिकायचाय? मग पुरता शिका



आजच्या नोंदीत खत नाही, फवारणी नाही. हरभरा घरात आलाय, तुरीचे पैसे खात्यावर पडलेत, उन्हाळी कांदा काढणीला आलाय आणि सोसायटीत नवं-जुनं करायची गर्दी आहे. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे दिसायचे हेच दिवस. ह्याच दिवसांत, मार्चच्या शेवटी, आयपीएल सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. तिकडं फायनल होते, इकडं आपल्याला बियाणं-खताला पैसा लागतो. मधले हे दोन महिने पोरांच्या मोबाईलवर मेसेज पडत असतात. "क्रिकेट कळतं ना? मग नुसतं बघता कशाला? नवीन लोकांसाठी सोपी माहिती. पाचशेपासून सुरुवात. आयडी घ्या."

ही 'नवीन लोकांसाठी सोपी माहिती' मी या आठवड्यात मुद्दाम वाचून काढली. सगळीकडं साचा एकच. भाव कसा वाचायचा, सेशन कसं घ्यायचं, पैसे कसे भरायचे, कसे काढायचे. एवढं सगळं सांगतात, पण बुकीचं पोट कशावर भरतं हे एकानंही लिहिलेलं नाही.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचं लेबल नसलं तर आपण दुकानदाराला धारेवर धरतो. ही पिशवी मात्र पोरं बिनलेबलची उचलतायत. म्हणून आज लेबल मी लावतो. माझं मत आधीच सांगून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको की आडून बोलला: क्रिकेटवर पैसे लावणं हा छंद नाही, जोडधंदा तर नाहीच. तो खरिपाचं बियाणं विकून खायचा रस्ता आहे. आणि "शेती तरी काय, जुगारच की" असं म्हणून ह्याची पाठराखण करणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

धडा पहिला: भाव

समजा दोन संघ खेळतायत आणि जो जिंकेल असं वाटतं त्याचा भाव निघालाय ८०-८३. त्या संघावर लावलं तर त्याला म्हणतात लगवाडी. हजार लावले आणि संघ जिंकला तर आठशे मिळतात, हरला तर हजार जातात. त्याच संघाच्या विरोधात घेतलं तर ती खायवाडी. संघ हरला तर हजार मिळतात, जिंकला तर आठशे तीस जातात.

आता बुकीच्या गादीवर बसून बघा. एका गावच्या गड्यानं हजाराची लगवाडी केली, दुसऱ्या गावच्यानं हजाराची खायवाडी. संघ जिंकला तर बुकी पहिल्याला आठशे देतो आणि दुसऱ्याकडून आठशे तीस घेतो. तीस रुपये खिशात. संघ हरला तर पहिल्याकडून हजार घेतो, दुसऱ्याला हजार देतो. तोटा शून्य. म्हणजे मॅच कुणीही जिंको, बुकीचं नुकसान नाही. त्याला क्रिकेट कळायची गरजच नाही, दोन्ही बाजूंची बेरीज जुळवता आली की झालं. एका बाजूला पैसा जास्त यायला लागला की तो भाव हलवतो, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक ओढतो, नाहीतर उरलेलं ओझं वरच्या मोठ्या बुकीकडं उतरवतो.

अडत्यासारखंच की, असं कुणी म्हणेल. पण अडत्याकडं आपण माल घेऊन जातो. इथं माल नाही, काटा नाही, पट्टी नाही. आपल्याच खिशातला पैसा इकडचा तिकडं जातो आणि मधला माणूस दरवेळी चिमूट काढून घेतो.

धडा दुसरा: सेशन

मॅचच्या निकालापेक्षा जास्त पैसा पोरं सेशनवर घालवतात. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती धावा होतील त्याचं सेशन निघतं, समजा ४७-४८. 'यस' म्हटलं तर ४८ किंवा जास्त व्हायला पाहिजेत. 'नो' म्हटलं तर ४७ पेक्षा कमी.

नेमक्या ४७ झाल्या तर? यसवालाही हरला, नोवालाही हरला. दोघांचे पैसे बुकीकडं. ही फट कुठल्याच 'सोप्या माहिती'त ठळक अक्षरात नसते. शिवाय काही ठिकाणी हजार लावून जिंकलं तरी हजार मिळत नाहीत, नऊशेच मिळतात.

सेशनचा दुसरा दोष वेगाचा. मॅचचा निकाल तीन-साडेतीन तासांनी लागतो. सेशन अर्ध्या तासात, आणि पुढच्या ओव्हरवर, पुढच्या विकेटवर लावायचं असेल तर निकाल पाच मिनिटांत. हरलेला माणूस थंड व्हायच्या आत पुढचा डाव समोर असतो.

धडा तिसरा: हंगामाचा जमाखर्च

आपण पिकाचा एकरी खर्च मांडतो तसा हा मांडू.

आयपीएलच्या २०२५ च्या हंगामात ७४ सामने होते. धरा, एका पोरानं एका सामन्यात पाच डाव लावले, प्रत्येकी हजाराचे. हंगामाचे ३७० डाव. समजा त्याचं नशीब अगदी सरळ आहे, निम्मे जिंकला, निम्मे हरला. हजाराला नऊशे मिळतात असं धरू.

जिंकलेले १८५ डाव गुणिले ९०० म्हणजे १,६६,५०० रुपये आले.
हरलेले १८५ डाव गुणिले १,००० म्हणजे १,८५,००० रुपये गेले.
हंगामाचा तोटा १८,५०० रुपये.

हा तोटा निम्मे डाव जिंकलेल्या पोराचा आहे. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना धरली तर तेरा गोण्या येऊन वर साडेनऊशे उरतात. निम्म्याहून कमी जिंकला तर विचारूच नका. ह्या भावात नुसतं बरोबरीत सुटायचं असेल तरी ३७० पैकी १९५ डाव जिंकावे लागतात. वर्षभर क्रिकेट बघणाऱ्याला ते जमेल असं वाटतं, त्याचं उत्तर पुढं आहे.

धडा चौथा: डबल करून काढू

हरल्यावर प्रत्येकाला हीच युक्ती सुचते. पाचशे गेले, आता हजार लाव. तेही गेले, दोन हजार लाव. कधीतरी जिंकूच, मागचं सगळं निघेल.

कागद घ्या. ५००, १,०००, २,०००, ४,००० असे चार डाव हरलात. साडेसात हजार गेले. पाचवा डाव ८,००० चा. जिंकलात! हजाराला नऊशे या भावानं ७,२०० मिळाले. म्हणजे पाचवा डाव जिंकूनसुद्धा तीनशे रुपये खड्ड्यातच आहात. आणि सलग सात हरलात तर ६३,५०० रुपये गेलेले असतात. सलग सात कोण हरतंय, असं वाटतं ना? नाणं घेऊन ३७० वेळा उडवा. एवढ्या वेळात कधी ना कधी सलग सात काटे पडतात, बहुतेक वेळा पडतातच. मोठ्या हंगामात ती रात्र येते. त्या रात्री पोराच्या खात्यावर तुरीचे पैसे असतात.

"पण मला क्रिकेट कळतं"

कळत असेल. कोणत्या मैदानावर दव पडतं, कोण डावखुरा कुणापुढं अडखळतो, टॉस जिंकून काय घेतील, सगळं पाठ असेल. पण हे बुकीच्या भावात आधीच मुरलेलं असतं. टॉस पडला की भाव हलतो, तुमचं बोट मोबाईलवर पोचायच्या आधी. मैदानात चेंडू पडतो आणि तो आपल्या मोबाईलवर दिसेपर्यंत काही सेकंद गेलेले असतात. मैदानात बसलेल्या माणसाला विकेट पडलेली ठाऊक असते आणि तुम्ही अजून बॉलरचा रनअप बघत असता. शिळी बातमी घेऊन बाजारात उतरणाऱ्या व्यापाऱ्याचं काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

आणि खेळ खराच आहे याची हमी कोण देतंय? २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए दिल्ली पोलिसांनी टॅप केलेल्या फोनवरून उघडा पडला आणि पुढं त्यानं बुकींकडून पैसे घेतल्याचं कबूल केलं. २०१३ मध्ये आयपीएलच्या स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपाखाली राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक झाली. त्या प्रकरणाच्या चौकशीतून चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ दोन हंगाम स्पर्धेबाहेर गेले. एका ओव्हरमध्ये किती धावा द्यायच्या हे आधी ठरवायची शंकासुद्धा जिथं येते, तिथं ओव्हरच्या सेशनवर अभ्यास करून काय उपयोग?

शेतकऱ्यांनी तर मोलीपूर लक्षात ठेवलं पाहिजे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं गाव. २०२२ साली तिथं काही जणांनी एक शेत भाड्यानं घेतलं, खेळपट्टी बनवली, हॅलोजन लावले, कॅमेरे लावले. शेतमजूर आणि बेकार पोरांना मोठ्या संघांच्या जर्सी घातल्या, मॅचला चारशे रुपये मजुरी. गर्दीचा आवाज इंटरनेटवरून घेतलेला, कॉमेंट्री करायला नामांकित समालोचकाची नक्कल करणारा एकजण. हे सगळं यूट्यूबवर आयपीएल म्हणून दाखवायचे आणि रशियातले लोक टेलिग्रामवरून त्यावर पैसे लावायचे. पैसा कुठल्या बाजूला लागलाय ते बघून अंपायरला वॉकीटॉकीवर निरोप जायचा, अंपायर बॅट्समनला खुणवायचा, की बॅट्समन चौकार तरी मारायचा नाहीतर आऊट तरी व्हायचा. पोलिसांनी धरेपर्यंत हा खेळ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता.

रशियातल्या त्या माणसालाही वाटत असणार की आपल्याला क्रिकेट कळायला लागलं. आपल्याकडं आयडी घेऊन बसलेल्या पोराची जागा त्याच्या शेजारीच आहे. पडद्यामागं कोण आहे ते दोघांनाही दिसत नाही.

समजा जिंकलात, पुढं?

१८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्याच्या कलम ३० प्रमाणं पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम कोर्टात जाऊन मागता येत नाही. म्हणजे आयडीवाल्यानं पैसे दिले तर दिले, नाही दिले तर तक्रार करायची सोय नाही. सुरुवातीला तो देतो. हजाराचे दोन हजार झालेले लगेच खात्यावर पाडतो, कारण तो स्क्रीनशॉट तुम्ही चार मित्रांना दाखवणार असता. रक्कम मोठी झाली की "सर्व्हर डाऊन", "आधी अजून भरा, मग निघतील", आणि शेवटी नंबर बंद.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात अड्डा चालवणारा अडकतो आणि अड्ड्यावर खेळताना सापडलेलाही अडकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, दोन्हींवर त्यात बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून पोरं निर्धास्त आहेत.

पण एक धोका खेड्यात फार पसरलाय, तो नीट ऐका. आयडीवाल्याला पैसे गोळा करायला दुसऱ्यांची बँक खाती लागतात. "खातं आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला अमुक देतो" म्हणून पोरांना गाठतात. पोरगं आईचं नाहीतर आज्याचं खातं देऊन मोकळं होतं. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला आणि कुठल्यातरी लांबच्या राज्यात कुणी १९३० वर सायबर तक्रार केली की खातं गोठतं. मग त्यावरचे पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाचे बारा हजार अडकतात, विम्याची भरपाई अडकते, अतिवृष्टीचं अनुदान अडकतं. आज्यानं आयुष्यात क्रिकेटची एक मॅच बघितलेली नसते आणि पोलिसांची नोटीस त्याच्या नावावर येते.

"शेती तरी काय, जुगारच की"

आता मुख्य भांडणावर येतो.

हे वाक्य पारावर ऐकू येतं, शिकलेल्या लोकांच्या भाषणातही असतं. ते का बोललं जातं ते मला कळतं. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ रुपये होता, ऐन काढणीत आपण कितीला घातलं ते प्रत्येकाची पट्टी सांगेल. सप्टेंबर २०२५ च्या पुरानं मराठवाड्यात उभं पीक तर नेलंच, कित्येक ठिकाणी जमीनही खरडून नेली. ज्याचं हे झालं त्याला "मेहनत कर, फळ मिळेल" असं सांगायची माझी हिंमत नाही.

पण जोखीम आणि पैज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक आहेत असं पोरांच्या डोक्यात भरणारा माणूस त्यांचं नुकसान करतोय.

शेतीतली जोखीम आपण कमी करू शकतो. गोणपाटावर शंभर दाणे मोजून उगवण तपासतो. सत्तरच्या खाली असेल तर बियाणं बदलतो नाहीतर एकरी प्रमाण वाढवतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरत नाही. रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर पावसाच्या खंडात ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. सोयाबीनमध्ये तूर घेतली तर एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. खरिपात सोयाबीन-तुरीचा विमा काढला तर शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या जास्तीत जास्त दोन टक्के. ह्यातलं प्रत्येक काम पारडं थोडं थोडं आपल्याकडं झुकवतं. दहा वर्षं शेती केलेला माणूस पहिल्या वर्षीच्या माणसापेक्षा चुका कमी करतो.

सट्ट्यात ह्यातलं काय करता येतं? दहा वर्षं लावणारा माणूस पहिल्या दिवशीच्या माणसाइतकाच भावाच्या त्या फटीत अडकलेला असतो. फरक एवढाच की त्याचं दहा वर्षांचं गेलेलं असतं. पारडं झुकू नये अशीच तर त्या भावाची रचना आहे.

दुसरं. गावात पाऊस चांगला झाला तर शंभर घरांत धान्य येतं. शेजाऱ्याचं पिकलं म्हणून माझं बुडत नाही. सट्ट्यात एक दाणाही तयार होत नाही. एकाचे गेले तरच दुसऱ्याला मिळतात, आणि मधल्यानं काढलेली चिमूट धरली तर सगळ्या लावणाऱ्यांची मिळून बेरीज कायम उणे येते. विम्याचे दोन टक्के भरताना "सरकार लुटतंय" म्हणणारा गडी त्याच महिन्यात दर डावाला सरासरी पाच टक्के बुकीला देतो, आणि वर त्यालाच करमणूक म्हणतो. मला ह्याचा राग येतो.

शेती परवडत नसेल तर भावासाठी भांडा, विम्यासाठी भांडा, बांध फोडून जाणाऱ्या पाण्याची वाट लावण्यासाठी भांडा. मी बरोबर आहे. पण शेतीनं मारलं म्हणून बुकीकडं जाणं म्हणजे विहीर आटली म्हणून असलेली पाइपलाइनही विकणं.

"कायदेशीर करून टाका" म्हणणाऱ्यांना

चोरून चालण्यापेक्षा कायदेशीर करा, कर तरी मिळेल, असंही काही जाणती माणसं म्हणतात. आपण त्यातला थोडा अनुभव घेतलाय. पैसे लावायच्या फँटसी अ‍ॅपचं नाव २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत भारतीय संघाच्या जर्सीवर होतं. मोठमोठे खेळाडू जाहिरातीत येऊन पोरांना संघ बनवायला सांगत होते आणि खाली भरभर वाचलेली सूचना कुणाच्या कानात शिरत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनं भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी घेतला. म्हणजे दोन वर्षं कर खाल्ला आणि मग सांगितलं की हे वाईट आहे.

इंग्लंडमध्ये बेटिंग कायदेशीर आहे. तिथल्या प्रीमियर लीग फुटबॉलच्या क्लबांनाही शेवटी ठरवावं लागलं की २०२५-२६ च्या हंगामानंतर जर्सीच्या पुढच्या बाजूला जुगाराच्या कंपन्यांची नावं घ्यायची नाहीत. कायदेशीर केल्यानं हिशेब पांढरा होतो, लावणाऱ्याचा तोटा भरून निघत नाही.

आपल्याकडं जुलै २०२५ मध्ये त्यावेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. मी त्यांचं म्हणणं खरं धरतो. मग तर प्रश्न जास्तच गंभीर आहे. मंत्र्याच्या मोबाईलवर सभागृहात न बोलावता गेम उघडत असेल, तर रात्री मोटार चालू करायला विहिरीवर एकटं बसलेल्या पोराच्या मोबाईलवर काय काय उघडत असेल?

२०२५ चा कायदा मला मान्य आहे. पण त्यानं उजेडातली अ‍ॅपं बंद झाली. अंधारातला आयडीवाला आधीही बेकायदाच होता, तो कायदा वाचून घरी बसलेला नाही. त्याला थांबवायचं काम गावातच करावं लागणार आहे.

आता आपण काय करायचं

कापसात बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की बोंडं फुटायची वाट बघत नाही, उपाय सुरू करतो. इथंही लक्षणं आधी दिसतात.

कृषी केंद्रवाले, कृषी सहायक आणि कंपन्यांचे फिरतीवरचे लोक ही पोस्ट वाचतात, त्यांना पहिलं सांगणं. तुम्हाला ही लक्षणं घरच्यांच्या आधी दिसतात. रोखीचं गिऱ्हाईक अचानक उधारीवर आलं. गरजेपेक्षा जास्त गोण्या उधारीवर उचलल्या आणि दोन दिवसांनी त्याच गोण्या दुसऱ्याला कमी भावात रोखीनं विकल्या. कांदा वाळायच्या आत, हरभऱ्याला भाव यायच्या आत, मिळेल त्या भावात माल काढला. असं दिसलं तर त्या पोराच्या बापाला नाहीतर भावाला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत नको.

घरातल्या माणसांनी बघायचं: मॅचच्या वेळी मोबाईल पालथा ठेवणं, चार्जिंगला लावून बाहेर उभं राहणं, मोटारीचा स्टार्टर किंवा स्प्रिंकलरचे पाइप "दुरुस्तीला" जाऊन परत न येणं, ट्रॅक्टरचा हप्ता थकल्याचा फोन.

पैशाचं: माल विकल्यावर पैसा मोकळा ठेवू नका. आधी सोसायटीचं भरा, तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज लागत नाही. मग बियाणं आणि खताचं बघून ठेवा. जून महिन्याचा पैसा एप्रिलमध्ये मोबाईलच्या एका बोटावर असू नये. आई-बापाच्या खात्याचं यूपीआय पोराच्या मोबाईलवर चालू असेल तर रोजची मर्यादा कमी करून घ्या. आणि खातं कुणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, वापरायला देऊ नका.

पोरगं अडकलंच असेल तर: मारू नका, गावभर करू नका. बुकीच्या देण्याला कायद्याचा आधार नाही, त्यासाठी जमीन लिहून देऊ नका. दमदाटी झाली तर पोलिसांत जा. सावकारानं बेकायदा व्यवहारात जमीन घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करून ती परत मिळवायची वाट आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन, जितका उशीर तितका पैसा लांब जातो. आणि पोरगं गप्प झालं, जेवेना, "माझ्यामुळं घर बुडालं" असं बोलायला लागलं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. गेलेला पैसा चार-पाच हंगामांत भरून काढता येतो. पोरगं गेलं तर काहीच भरून येत नाही.

पोरांनो, शेवटचं तुम्हाला. मॅच बघा, आरडाओरडा करा, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला वर्गणी माझ्याकडून घेऊन जा. फक्त पैसे लावायच्या आधी वरचा ३७० डावांचा हिशेब एकदा स्वतःच्या हातानं वहीत मांडा. ज्यानं तुम्हाला आयडी देऊ केलाय त्यालाही तो दाखवा आणि विचारा, यात चूक कुठं आहे.

कुणाला माझं पटत नसेल त्यानं खाली आकडे मांडावेत. शिव्या नकोत, आकडे. हिशेबाला हिशेबानं उत्तर देईन. पटलं असेल त्यानं मॅच सुरू व्हायच्या आत गावच्या ग्रुपवर टाकावं.

पुढच्या नोंदीत घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासायची ते घेऊ. गोणपाट आणि शंभर दाणे काढून ठेवा.